शरीराची ओळख : चिठ्ठी योग्य जागी लावण्याचा उपक्रम



वार्षिक अहवालात प्रस्तुत लेखकाकडे सामान्यतः जमाखर्चाचे विवेचन आणि आभारप्रदर्शन एवढीच कामे येतात. वाणिज्य शाखेच्या पदवीधराने शरीररचनेवर लेख लिहावा, हे काहीसे धाडसाचेच होय. तथापि रुग्णालयाने प्रतीक्षाकक्षात आणि आसपासच्या वस्त्यांमध्ये चालविलेल्या एका छोट्या उपक्रमाची माहिती आपणांपर्यंत पोहोचावी, अशी वैद्यकीय सहकाऱ्यांची इच्छा होती. या उपक्रमाकडे मी एक सामान्य माणूस म्हणून पाहिले आहे आणि त्यातून मीही पुष्कळ शिकलो आहे. त्यामुळे हे लेखन मी आनंदाने स्वीकारले. लेखातील वैद्यकीय मजकूर आमच्या डॉक्टरांनी तपासून दिला आहे.

एक प्रसंग

शुल्क सवलतीच्या एका अर्जासंबंधी विचारपूस करण्यासाठी मी स्त्रीरोग विभागात गेलो होतो. समोर चाळिशीच्या आतील एक भगिनी बसल्या होत्या. अंगातून वाफा निघतात, रात्री झोप लागत नाही आणि हाडे दुखतात, अशी त्यांची तक्रार होती. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या गावी त्यांची शस्त्रक्रिया झाली होती.

"ऑपरेशन कशाचे झाले होते, ताई?" डॉक्टरांनी विचारले.

"पिशवी काढली."

"नुसती पिशवी काढली, की अंडाशयही काढले?"

"ते काय ठाव न्हाई, मॅडम. पोटातलं काढावं लागंल म्हनले. आमी सही केली."

घर बदलताना कागदपत्रे गहाळ झाली होती. शेवटी सोनोग्राफी करून कोणता अवयव आहे आणि कोणता नाही, याचा शोध घ्यावा लागला. माझे आयुष्य हिशेबाच्या वह्यांत गेले आहे. तिजोरीतून काय गेले याची नोंद मालकापाशी नसावी, असा प्रकार मी व्यापारात क्वचितच पाहिला. येथे तर विषय स्वतःच्या देहाचा होता. त्या भगिनींचा यात काही दोष नव्हता. आपल्या शरीरात कोठे काय असते, हे त्यांना समजेल अशा रीतीने कोणी कधी सांगितलेच नव्हते.

गर्भाशयाबरोबर दोन्ही अंडाशये काढली गेल्यास स्त्रीची पाळी तर थांबतेच, शिवाय अंडाशयांत तयार होणारी संप्रेरकेही एकाएकी बंद होतात. तरुण वयात असे घडले तर हाडे ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. केवळ गर्भाशय काढून अंडाशये राखली असतील तर चित्र पुष्कळ वेगळे असते. यावरून "नुसती पिशवी, की अंडाशयही?" या प्रश्नाच्या उत्तरावर पुढील उपचारांची दिशा किती अवलंबून असते, हे आपल्या ध्यानी येईल.

आपले शब्द आणि आपले अवयव

मुकुंदवाडी हे एकेकाळचे गाव आज छत्रपती संभाजीनगर शहराच्या पूर्वेकडील दाट वस्ती झाले आहे. जालना रस्ता, रेल्वे स्थानक आणि जवळची चिकलठाणा औद्योगिक वसाहत यांमुळे मराठवाड्याच्या निरनिराळ्या जिल्ह्यांतून कामाच्या शोधात आलेली कुटुंबे येथे स्थिरावली आहेत. त्यांच्या बोलीत शरीराविषयीचे शब्द विपुल आहेत. डोके, मान, बरगडी, बेंबी, ओटीपोट, पोटरी अशा बाह्य अवयवांची नावे लहान मुलासही ठाऊक असतात. अडचण येते ती कातडीच्या आतील अवयवांविषयी.

'पिशवी' हाच शब्द पाहा. व्यवहारात गर्भाशयाला पिशवी म्हणतात, मूत्राशयाला लघवीची पिशवी म्हणतात आणि पित्ताशयाला पित्ताची पिशवी म्हणतात. तिन्ही अवयव पोटातच आहेत, परंतु त्यांच्या जागा वेगळ्या आणि कार्येही वेगळी आहेत. पित्ताशय वर उजवीकडे, यकृताच्या खाली असते. मूत्राशय ओटीपोटात पुढच्या बाजूस असते आणि गर्भाशय त्याच्या मागे. "पिशवीत खडा आहे" असे सांगत रुग्ण आला, तर डॉक्टरांना प्रथम कोणती पिशवी हे विचारावे लागते.

'काळीज' या शब्दाची गंमतही अशीच आहे. त्याचा मूळ अर्थ यकृत. मात्र काळीज धडधडते, काळजाचा ठोका चुकतो, असे आपण हृदयाच्याच संदर्भात म्हणतो. परिणामी काळजाला सूज आहे असे कळताच नातेवाईक हृदयविकाराच्या भीतीने गर्भगळीत होतात आणि वास्तविक दुखणे यकृताचे असते.

हे अज्ञान केवळ आपल्या वस्तीपुरते किंवा निरक्षरांपुरते मर्यादित आहे, असे कोणी समजू नये. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील संशोधकांनी २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी ७२२ व्यक्तींना मानवी शरीराच्या बाह्याकृती दाखवून कोणता अवयव कोठे आहे ते ओळखण्यास सांगितले होते. सरासरीने निम्म्याच्या आसपासच उत्तरे बरोबर आली. हृदयाची नेमकी जागा निम्म्याहून कमी लोकांना सांगता आली. शाळा-महाविद्यालयांची सोय असलेल्या देशात ही स्थिती, तर आपण संकोच बाळगण्याचे कारण नाही. परंतु स्वस्थ बसण्याचेही कारण नाही.

संमती आणि समज

आमच्याकडे येणाऱ्या कित्येक कुटुंबांची मुळे बीड जिल्ह्यात आहेत. तेथील ऊसतोड कामगार महिलांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण मोठे असल्याचे २०१९ मध्ये उजेडात आले आणि राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळच्या सर्वेक्षणात ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती घेण्यात आली. त्यांपैकी १३,८६१ महिलांची ही शस्त्रक्रिया झालेली होती. म्हणजे साधारणपणे सहा महिलांमागे एक. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातील १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांमध्ये हेच प्रमाण ३.३ टक्के आढळले. दोन्ही पाहण्यांची पद्धत आणि वयोगट सारखे नसल्याने ही तुलना काटेकोर नाही, हे हिशेबाचा माणूस म्हणून मला नमूद केले पाहिजे. तरीही अंतर दुर्लक्ष करण्याजोगे नाही. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रियांना आळा घालण्यासाठी केंद्राने तयार केलेली मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी अमलात आणावीत, असा आदेश दिला.

संमतीविषयी सर्वोच्च न्यायालयाचा १६ जानेवारी २००८ चा निकाल प्रत्येक रुग्णालयाने भिंतीवर लावावा इतका महत्त्वाचा आहे. त्या प्रकरणात तपासणीसाठी भूल दिलेल्या एका महिलेचे गर्भाशय आणि अंडाशये काढण्यात आली होती. ती भुलीत असताना संमती घेतली गेली ती तिच्या आईची. न्यायालयाने ही संमती ग्राह्य धरली नाही. रुग्ण सज्ञान असेल आणि प्राणावर बेतलेले नसेल, तर त्याला शुद्धीवर येऊ द्यावे, काय करावयाचे आहे ते समजावून सांगावे आणि त्याचीच संमती घ्यावी, असा त्या निकालाचा आशय आहे.

संमतिपत्र आमच्याकडे मराठीत छापलेले आहे. परंतु पत्र मराठीत असणे निराळे आणि त्याचा अर्थ मनात उतरणे निराळे. ज्याला यकृत कोठे असते हे ठाऊक नाही, त्याच्यासाठी त्यातील निम्मे शब्द कोरेच राहतात. या विचारातून आमच्या परिचारिका आणि डॉक्टर यांनी चिठ्ठ्यांचा उपक्रम सुरू केला.

आमची पहिली चूक

प्रारंभी आमचा मार्ग चुकला, हे प्रांजळपणे सांगणे योग्य ठरेल. शरीररचनेचा एक मोठा रंगीत तक्ता छापून प्रतीक्षाकक्षात लावावा, ही सूचना माझीच होती. तक्ता सुरेख झाला. त्यावर प्लीहा, स्वादुपिंड, ग्रहणी असे शुद्ध शब्द बारीक टायपात आले. लोक तक्त्यासमोर बसत, पंख्याकडे पाहत आणि नाव पुकारले की उठून जात. एका परिचारिकेने तक्त्याखाली बसणाऱ्या काही महिलांना मूत्रपिंड कोठे असते ते विचारले. सर्वांनी मान खाली घातली. तिने तोच प्रश्न "किडनी कुठं असते, मावशी? हात लावून दाखवा बरं" असा विचारला, तेव्हा हात पुढे आले. बहुतेक हात ओटीपोटावर गेले.

ते उत्तर चुकीचे होते, पण त्यानिमित्ताने संभाषण सुरू झाले. तक्त्यावरचा खर्च वाया गेला असे मी म्हणणार नाही. आपण काय करू नये ते त्याने शिकविले.

उपक्रमाचे स्वरूप

आता या उपक्रमाचे साहित्य असे आहे. मांजरपाटाचा, डोक्यातून घालावयाचा, पुढे आणि मागे कापड असलेला बिनबाह्यांचा एप्रन शिंप्याकडून शिवून घेतला. त्यावर बरगड्यांची आणि कमरेची रेषा जाड दोऱ्याने उठविली. अवयव कापडाचे, आत कापूस भरलेले, शक्यतो खऱ्या आकाराचे केले. प्रत्येकाच्या मागे वेल्क्रोची पट्टी आहे. नावांच्या चिठ्ठ्या स्वतंत्र आहेत. एका चिठ्ठीवर अवयवाचे चित्र, त्याखाली घरगुती शब्द, त्याखाली डॉक्टर वापरतात तो शब्द. उदाहरणार्थ, पिशवी, गर्भाशय, युटेरस. रुग्णाच्या कागदांवर तिसरा शब्द येतो आणि घरी पहिला बोलला जातो. दोहोंची सांगड घातली गेली पाहिजे.

उपस्थितांपैकी एखादी व्यक्ती एप्रन घालते. यामागे कारण आहे. भिंतीवरील चित्रात समोरच्या माणसाची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते आणि पुष्कळांचा तेथेच गोंधळ उडतो. एप्रन अंगावर असला की उजवे ते उजवेच राहते. यकृत आपल्याच उजव्या बरगड्यांखाली लावायचे, जठर डावीकडे, अपेंडिक्स उजवीकडे खाली.

त्यानंतर प्रत्येकाला एक अवयव आणि एक चिठ्ठी मिळते. परिचारिका आधी काहीही सांगत नाही. आपल्याला वाटते तेथे अवयव लावायचा, चिठ्ठी डकवायची आणि तो काय काम करतो ते आपल्या शब्दांत सांगायचे. चूक झाली तर कोणी हसायचे नाही, हा एकमेव नियम. सर्वांचे झाल्यावर परिचारिका एकेक अवयव योग्य जागी नेते आणि कारण सांगते.

मूत्रपिंडांची पाळी आली की एप्रन घातलेल्या व्यक्तीला पाठमोरे उभे केले जाते. दोन्ही मूत्रपिंडे पाठीच्या बाजूस, खालच्या बरगड्यांच्या आडोशाने असतात. प्रत्येकाची लांबी सुमारे ११ सेंटीमीटर. उजवे किंचित खाली, कारण त्याच्यावर यकृताचा भार आहे. मुतखड्याची कळ पाठीतून निघून जांघेकडे का उतरते, हे सांगण्यासाठी मग वेगळे व्याख्यान लागत नाही. मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत एक दोरी लावली की वाट डोळ्यांसमोर येते.

आतड्यांची पाळी मुलांना विशेष प्रिय आहे. सुमारे ६ मीटर लांबीची सुतळी म्हणजे लहान आतडे आणि सुमारे दीड मीटरचा जाड दोर म्हणजे मोठे आतडे. खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुतळी ताणून मग ती पोटाच्या जागेत घडी घालून बसवावयाची असते. ती बसविताना होणारी तारांबळ मुले विसरत नाहीत. गर्भाशय हातात घेतल्यावर मात्र मोठ्या माणसांना आश्चर्य वाटते. गर्भ नसताना ते केवळ साडेसात सेंटीमीटर लांब, उलट्या ठेवलेल्या छोट्या पेरूएवढे असते. त्याच्या दोन बाजूंस बदामाएवढी दोन अंडाशये स्वतंत्र लावावी लागतात. ही दोन अंडाशये वेगळ्या वेल्क्रोवर आहेत, हे मुद्दाम केले आहे. पिशवी काढली तरी अंडाशये जागेवर राहू शकतात, हे हाताने करून पाहिल्यावर कोणाला पुन्हा सांगावे लागत नाही.

हाताने लावलेले का लक्षात राहते

नुसते पाहणे आणि आठवून मांडणे यांत मोठा फरक आहे. अमेरिकेतील रोएडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. एका गटाने उतारा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने तो मिटवून आठवेल तेवढा लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र वाचणाऱ्यांच्या लक्षात ४२ टक्के मजकूर राहिला आणि आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात ५६ टक्के.

मला याचे नवल वाटले नाही. नव्या कारकुनाला खतावणी दाखवून काही साधत नाही. पावती त्याच्या हातात द्यावी, ती कोणत्या खात्यात जाते ते त्यालाच ठरवू द्यावे आणि चुकली तर ताळेबंद जुळत नाही हे त्यालाच दिसू द्यावे. मग तो ते खाते जन्मभर विसरत नाही. चिठ्ठी चुकीच्या जागी लावून ती स्वतः काढणे आणि योग्य जागी लावणे, यात हेच घडते. म्हणूनच आमच्या परिचारिका पहिल्याच वेळी योग्य उत्तर सांगत नाहीत. तसेच रुग्ण पुनर्तपासणीस आला की तीच चिठ्ठी त्याच्या हाती पुन्हा देतात.

महाराष्ट्रातील पूर्वसूरी

अक्षरओळख नसलेल्या व्यक्तीला शरीरविज्ञान शिकविता येते, याचे धडे महाराष्ट्रानेच जगाला दिले आहेत. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली तत्कालीन अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभारला. गावोगावच्या महिलांना, ज्यांतील पुष्कळ जणी निरक्षर होत्या, त्यांनी आरोग्य सेविका म्हणून घडविले. या कार्यासाठी उभयतांना १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शिकलेली सेविका आपल्या गावातील इतरांना शिकवी, हे त्या पद्धतीचे बलस्थान होते.

गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने बालकांतील न्यूमोनिया ओळखण्यासाठी एक साधे साधन तयार केले. दोन महिन्यांखालील बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक होणे, हे धोक्याचे लक्षण होय. परंतु ज्या सुईणीला एवढे आकडे मोजता येत नाहीत तिने काय करावे? तिला मण्यांची पाटी आणि एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ देण्यात आले. ठरावीक श्वासांमागे एक मणी सरकवावयाचा आणि वाळू संपण्यापूर्वी लाल मणी आला तर उपचार सुरू करावयाचा. विद्या तीच राहिली, फक्त तिच्यापर्यंत जाण्याची वाट बदलली. आमच्या एप्रनची तुलना या महान कार्यांशी होऊ शकत नाही. पण वाट त्यांनीच दाखविली आहे.

सर्वांना सामावून घेताना

साहित्य सर्वांना वापरता यावे यासाठी काही पथ्ये आम्ही अनुभवाने स्वीकारली आहेत. इतर संस्थांनाही ती उपयोगी पडतील म्हणून येथे देत आहे.

ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी चिठ्ठीवर चित्र आवश्यक आहे आणि नाव मोठ्याने उच्चारले गेले पाहिजे. ज्येष्ठांसाठी अक्षरे मोठी, ठसठशीत आणि पांढऱ्यावर काळी असावीत. काही पुरुषांना लाल आणि हिरवा रंग वेगळा ओळखता येत नाही, म्हणून केवळ रंगावर भिस्त न ठेवता प्रत्येक अवयवाचा आकार आणि कापडाचा पोतही वेगळा ठेवला आहे. यकृत मखमली, फुप्फुस स्पंजाचे, हाडे ताठ पुठ्ठ्याची. दृष्टिबाधित व्यक्तीला बोटांनीच ओळख पटते. त्यांच्यासाठी चिठ्ठीवर ब्रेल लिपी आहे आणि चिठ्ठी उलटी लागू नये म्हणून तिचा वरचा उजवा कोपरा कापलेला आहे. कर्णबधिरांसाठी सूचना बोलून न देता करून दाखविली जाते. हात थरथरणाऱ्यांसाठी अवयव मोठे आणि वेल्क्रोची पट्टी रुंद आहे. चाकाच्या खुर्चीवरील व्यक्तीसाठी एप्रन टेबलावर पसरतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे आणि आरोग्यसेवा त्यांच्यासाठी सुगम असावी, अशी कायद्याची अपेक्षा आहे. उतरता रस्ता आणि रुंद दरवाजा ही सुगमतेची सुरुवात झाली. दिलेली माहिती त्यांना समजणे हाही तिचाच भाग आहे.

स्त्रियांच्या अवयवांचा भाग महिलांच्या स्वतंत्र बैठकीत घेतला जातो. मात्र पुरुषांसाठीही तो निराळ्या बैठकीत आवर्जून घेतो. संमतिपत्रावर साक्षीदार म्हणून बहुधा पतीची किंवा मुलाची सही असते. शस्त्रक्रियेचा खर्च कोठून आणावयाचा, हेही घरात बहुधा तेच ठरवितात. त्यांना अंडाशय म्हणजे काय हे ठाऊक नसेल, तर घरातील चर्चा अपुरीच राहते.

मर्यादा

या उपक्रमाने कोणी डॉक्टर होत नाही आणि तसा हेतूही नाही. कापडाचा एप्रन हा सर्वसाधारण शरीराचा नकाशा आहे. प्रत्येक देह त्याबरहुकूम नसतो. काहींना जन्मतः एकच मूत्रपिंड असते. क्वचित एखाद्याचे हृदय उजव्या बाजूस असते. तसेच दुखते ती जागा आणि बिघाडाची जागा नेहमी एकच नसते. हृदयविकाराची कळ हातात, जबड्यात किंवा पोटाच्या वरच्या भागात जाणवू शकते. म्हणून नकाशा पाहून घरीच निदान करू नये, हे प्रत्येक बैठकीच्या शेवटी सांगितले जाते. आपले शरीर ओळखल्याने रुग्ण डॉक्टरांवर अविश्वास दाखवू लागेल, अशी शंका एका हितचिंतकांनी व्यक्त केली होती. आमच्या डॉक्टरांचा अनुभव उलट आहे. रुग्णाने नेमका प्रश्न विचारला की तपासणीचा वेळ वाचतो आणि उपचारांवरील विश्वास वाढतो.

रुग्णांच्या आप्तांना येथे एक व्यावहारिक सूचना करावीशी वाटते. कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी तीन गोष्टी अवश्य विचाराव्यात. कोणता अवयव, त्यातील किती भाग आणि त्याच्या शेजारचे काय राहणार? शस्त्रक्रियेनंतर डिस्चार्ज कार्ड आणि तपासणीचे अहवाल जपून ठेवावेत. वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागणी केल्यास त्याच्या उपचारांची कागदपत्रे ७२ तासांत द्यावयाची असतात. ती मागण्यात संकोच बाळगू नये.

समारोप आणि आवाहन

या कामाला मोठी यंत्रसामग्री लागत नाही. कापड, कापूस, वेल्क्रो, शिंप्याची मजुरी आणि ब्रेल चिठ्ठ्या एवढाच त्याचा खर्च. सर्वांत मौल्यवान आहे तो परिचारिकेचा वेळ, आणि तो कोणत्याही पावतीवर दिसत नाही. एप्रन धुवून, शिवून पुन्हा वापरता येतो, परंतु अवयव हाताळून झिजतात. ते झिजतात याचा मला हिशेबनीस असूनही खेद वाटत नाही. देणगीदारांनी या कामासाठी साहाय्य करावे, तसेच परिसरातील शाळा आणि महिला बचत गटांनी आम्हांला बैठकीसाठी बोलवावे, अशी नम्र विनंती आहे. शिवणकाम जाणणाऱ्या भगिनींनी अवयव तयार करून दिले तर तेही दानच ठरेल.

लेखाच्या आरंभी उल्लेखिलेल्या भगिनींची अंडाशये काढली गेली असल्याचे सोनोग्राफीनंतर दिसून आले. त्यांचे उपचार सुरू आहेत. पुढे एकदा त्या आपल्या धाकट्या जावेला घेऊन आल्या. जावेला गर्भाशयाच्या गाठीचे निदान झाले होते. शस्त्रक्रिया करावी की औषधांनी भागेल, हा विचार चालू होता. प्रतीक्षाकक्षात एप्रन टांगलेला होता. त्यांनी तो स्वतः काढून जावेच्या गळ्यात घातला, दोन्ही बाजूंची अंडाशये बोटाने दाखविली आणि म्हणाल्या, "आत गेल्यावर मॅडमला इचार, हे दोन्ही ऱ्हातील का. मी इचारलं नव्हतं."

तपासणीच्या खोलीत जावेने तो प्रश्न विचारला आणि डॉक्टरांनी तिला सविस्तर उत्तर दिले. आपणां सर्वांच्या सहकार्याने हा प्रश्न अधिकाधिक घरांतून विचारला जावो, हीच प्रार्थना.



— प्रशासकीय अधिकारी, मुकुंदवाडी